एक संहिता, दोन पुस्तके : छापील ग्रंथ व ई-पुस्तक यांची निर्मिती



समजा, धाकटी डहाणू येथील मच्छीमार कुटुंबांकडून मांगेली बोलीतील मासे, जाळी व वारे यांची नावे आपण प्रकल्पासाठी संकलित केली आहेत. हा संग्रह गावात छापील रूपात राहावा आणि दूरच्या वाचकाला ई-पुस्तक म्हणून मिळावा, अशी आपली इच्छा आहे. ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे ?’ हा प्रश्न येथे प्रथम सुचतो. परंतु ‘मजकूर कसा साठवावा?’ हा प्रश्न त्याआधीचा आहे.

१. संकेतन : युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल, तर मजकुराची निरर्थक चिन्हे होतात. युनिकोडमध्ये वर्णाला स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे फॉन्ट बदलला तरी शब्द टिकतो, शोधता येतो आणि अकारविल्हे लावता येतो. ‘दर्या’ (समुद्र) व ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) ही जोडी टंकून पाहावी. दुसऱ्या शब्दासाठी ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण लागतो. हा भेद न राखणारे साधन मराठी ग्रंथासाठी निरुपयोगी होय.

२. रचना व रूप : छापील पान स्थिर असते, ईपब स्वरूपातील मजकूर पडद्याच्या आकारानुसार वाहतो. तेथे ‘पृष्ठ १२ पाहा’ ही सूचना निरर्थक ठरते. ‘विभाग २ पाहा’ ही टिकते. म्हणून शीर्षके केवळ अक्षरे मोठी करून दाखवू नयेत; त्यांना ‘स्टाइल’ द्यावी.

३. साधने : लिब्रेऑफिस रायटर विनामूल्य असून त्यातून एकाच मूळ फाइलीची पीडीएफ व ईपब ही दोन्ही रूपे काढता येतात. चित्रबहुल मांडणीसाठी इनडिझाइन वापरल्यास त्यातील ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा. अन्यथा जोडाक्षरे तुटतात. ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे.

४. दुरुस्ती : छपाईच्या मुद्रितात आढळलेली चूक प्रथम मूळ फाइलीत सुधारावी व मगच दोन्ही रूपे पुन्हा काढावीत. हा क्रम मोडल्यास छापील प्रतीत माशाचे एक नाव आणि ई-पुस्तकात दुसरे, असे घडते. प्रमाण मराठीतील चूक शब्दकोशावरून ताडता येते; ज्या बोलीशब्दाची नोंद इतरत्र नाही, त्याचे खरे रूप उद्याच्या अभ्यासकाला कसे कळणार ?

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील बोलीचे दहा शब्द अर्थासह युनिकोडमध्ये टंकलिखित करा. दोन भिन्न फॉन्टमध्ये ते तपासा, त्यांची पीडीएफ व ईपब रूपे काढा आणि आढळलेले फरक नोंदवा.