विलायतेतील सामाईक घर आणि कौन्सिलचा परवाना

कोल्हापुराहून उच्च शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी इंग्लंडास निघालेल्या तरुणाच्या हाती विमानाचे तिकीट पडण्यापूर्वीच बहुधा कोणा ओळखीच्याने कळविलेला एक पत्ता पडलेला असतो: चार-पाच मुलांचे बिऱ्हाड, त्यात एक खोली रिकामी, भाडे बेताचे आणि वर ‘आपलीच माणसे आहेत’ हे आश्वासन. या आश्वासनाचा अव्हेर करावा असे येथे स्थायिक झालेल्या आम्हा कुटुंबांपैकी कोणीही म्हणणार नाही. मात्र अनामत रक्कम पाठविण्यापूर्वी त्या घरास कौन्सिलचा परवाना आहे किंवा कसे, याची चौकशी अवश्य करावी, हा आम्हा सर्वांचा एकमुखी आग्रह आहे.

कौन्सिल म्हणजे आपल्या महानगरपालिकेच्या जागी असलेली स्थानिक संस्था. इंग्लंडच्या 2004 च्या गृहनिर्माण कायद्यान्वये, एकाहून अधिक कुटुंबांतील पाच किंवा त्याहून अधिक इसम ज्या घरात स्वयंपाकघर, न्हाणीघर वा शौचालय सामाईक वापरतात, त्या घरासाठी (त्यालाच तेथे सर्रास एचएमओ म्हणतात) परवाना घेणे सक्तीचे आहे. 2006 साली ही सक्ती तीन किंवा अधिक मजली घरांपुरतीच अंमलात आली होती, परंतु 1 ऑक्टोबर 2018 पासून मजल्यांची अट काढून टाकण्यात आली. कित्येक कौन्सिलांनी आपल्या अखत्यारीत तीन-चार इसमांची घरे, आणि काहींनी विवक्षित भागातील भाड्याचे प्रत्येक घर या कक्षेत आणले असल्यामुळे, एका हद्दीत लागू असलेला नियम शेजारच्या हद्दीत लागू असेलच असे नाही. स्कॉटलंडात तर तीन निरनिराळ्या कुटुंबांतील तीन इसम एकत्र राहिले तरी परवाना लागतो.

आपल्या मुलांची फसगत होते ती ‘कुटुंब’ या संज्ञेपाशी. कायद्याच्या लेखी पतिपत्नी, आईबाप, आजी-आजोबा, मुले-नातवंडे, भावंडे, काका-मामा, पुतणे-भाचे आणि चुलत, मावस, आते, मामे भावंडे इथवर कुटुंबाची व्याप्ती पोहोचते, जी वस्तुतः पुष्कळच उदार म्हटली पाहिजे. परंतु एका पेठेतले, एका तालमीतले वा एका वर्गातले सहा सोबती म्हणजे कायद्याने सहा कुटुंबे. ‘तपासनीस आला तर भाऊभाऊ आहोत असे सांगा’ अशी सूचना देणारा मालक भेटल्यास त्याचे घर सोडून दुसरे पाहावे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून ज्या नगरीत वसतिगृहांची मालिका उभारली, तेथील मुलास सामाईक निवास नवा नाही. मात्र कोल्हापुरात खाजगी खोली घेताना अकरा महिन्यांचा करारनामा आणि पोलीस ठाण्यातील नोंद एवढ्यावर मामला मिटतो, खोलीत किती जण निजतात हे मोजावयास सहसा कोणी येत नाही. इंग्लंडात परवानाधारक घरातील निजावयाची खोली एका प्रौढासाठी किमान 6.51 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट, आणि दोघांसाठी 10.22 चौरस मीटर असलीच पाहिजे. बैठकीच्या खोलीत प्लायवूडचा आडोसा घालून सातवा भाडेकरू बसविण्याची जी युक्ती आपल्याच मंडळींत काटकसर म्हणून वाखाणली जाते, ती आगीच्या वेळी जिवावर बेतू शकते. ग्लासगोत 1999 साली एका भाड्याच्या घरास लागलेल्या आगीत दोन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर 2000 साली स्कॉटलंडात परवाना सक्तीचा झाला.

परवान्यावर कमाल रहिवाशांची संख्या नमूद असते, त्याची मुदत सामान्यतः पाच वर्षांपर्यंत असते, आणि परवान्यांची नोंदवही कौन्सिलने सर्वांस पाहण्यास खुली ठेवावी असा कायदा आहे. तेव्हा कोल्हापुरात बसूनही ही खातरजमा करता येते.

परवाना नसणे हा भाडेकरूचा नव्हे, मालकाचा गुन्हा होय. अशा घरात भाडे भरलेल्या रहिवाशास न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते परत मागता येते. 2016 च्या कायद्याने ही मर्यादा बारा महिन्यांच्या भाड्याची होती, ती 2025 च्या कायद्याने दुप्पट केली. येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. संबंध घर आपल्या नावे घेऊन खोल्या इतरांस देणारा आणि भाडे गोळा करणारा ‘दादा’ बरेचदा आपल्याच मुलुखाचा असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने इतरांचा घरमालक तोच ठरू शकतो. उपकार म्हणून पत्करलेला हा कारभार पुढे त्याच्याच अंगलट आल्याचे आम्ही पाहिले आहे. नवागताने हे काम आपल्या शिरावर घेऊ नये.

उलटपक्षी, मालक स्वतः सहकुटुंब राहात असलेल्या घरात दोनपर्यंत भाडेकरू असल्यास ते घर एचएमओ गणले जात नाही. म्हणून एखाद्या मराठी कुटुंबाने आपल्या घरातील एक खोली देऊ केली आणि त्यांच्याकडे एचएमओचा परवाना नसला, तर संशय घेण्याचे कारण नाही.

भाडे रोखीने देऊ नये, बँकेमार्फत द्यावे, आणि करारनाम्याची प्रत जपून ठेवावी. शंका आल्यास कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाकडे, अथवा विनामूल्य सल्ला देणाऱ्या शेल्टर व सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थांकडे, संकोच न बाळगता जावे. परवान्याविषयी विचारणा केल्याने व्हिसास बाध येत नाही.