रस्त्यांची मानके आणि इंडियन रोड्स काँग्रेस
डांबरी रस्त्याच्या निविदेत ‘आयआरसी : ३७’ असा उल्लेख बहुधा आढळतो. तो इंडियन रोड्स काँग्रेस या महामार्ग अभियंत्यांच्या संस्थेच्या एका संहितेचा क्रमांक आहे. डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार ही संस्था डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाली. नावात ‘काँग्रेस’ असली तरी राजकारणाशी तिचा संबंध नाही.

विषयवार समित्या वर्षभर संहितांचे मसुदे तयार करतात. मानक समिती, कार्यकारी समिती व परिषद असे टप्पे ओलांडून ते प्रसिद्ध होतात. वार्षिक अधिवेशनात देशभरातील अभियंते शोधनिबंधांवर चर्चा करतात.

या संहिता म्हणजे कायदा नव्हे. करारात समाविष्ट झाल्यावरच त्या कंत्राटदारास बंधनकारक ठरतात, हे परीक्षार्थींनी विशेष ध्यानात घ्यावे. त्या वेळेवर अद्ययावत होणे मात्र अत्यावश्यक असते. रस्त्याच्या थरांची जाडी ठरविणारी ‘३७’ ही संहिता १९७० मध्ये निघाली आणि १९८४, २००१, २०१२ व २०१८ मध्ये सुधारली गेली. रस्त्याची हानी आसभाराच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारीच्या चार टायरांच्या एकेरी आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भार जेमतेम १३ टक्क्यांनी वाढला. त्या आसामुळे होणारी हानी मात्र सुमारे ६० टक्क्यांनी. जुन्या मर्यादेनुसार बांधलेला रस्ता त्यामुळे मुदतीपूर्वीच खचू शकतो, आणि दुरुस्तीचा बोजा सार्वजनिक निधीवर पडतो.