धडा : मागे बसणाऱ्याचे हेल्मेट

वाचन : लूक १०:२५-३७



हट्टा (ता. वसमत) परिसरात सेवेसाठी फिरताना एक दृश्य नेहमी दिसते. एकच मोटारसायकल, पुढे नवरा, मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली बायको, तिच्या मांडीवर बाळ आणि टाकीवर थोरले पोर. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या कुटुंबांना दवाखाना आणि बाजार गाठायला हेच साधन आहे. त्यांच्यासाठी गाडी ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणून ‘गाडी वापरू नका’ असे आपण सांगू शकत नाही. मग काय सांगावे?

दुखापत कोठे होते? मोटारसायकलवरून पडल्यावर सर्वांत जास्त वेळा मार लागतो तो पायाला. पण जीव जातो तो बहुधा डोक्याच्या माराने. मोडलेला पाय जुळतो, माणूस पुन्हा कामाला लागतो. मेंदूला इजा झाली तर वाचलेला माणूसही कधी कधी आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून जेवतो. मग कर्ज होते आणि मुलांची शाळा सुटते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये निष्कर्ष निघाला, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालकाला आणि मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. चार वर्षांवरील मुलांनाही. आपल्या घरात हेल्मेट असले तर एकच असते, तेही हँडलला अडकवलेले. आईचे डोके मात्र उघडेच राहते.

आपण काय करावे?

१. आयएसआय शिक्क्याचे दुसरे हेल्मेट घ्यावे, हनुवटीखालचा पट्टा लावावा.

२. गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. वेग कमी ठेवावा. आपल्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावावा.

३. अपघात दिसल्यास १०८ ला फोन करावा. जखमी बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नये, मान हलवू नये, हेल्मेट ओढून काढू नये.

४. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. या तरतुदीला चांगल्या शोमरोन्याचेच नाव आहे.

शोमरोन्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवले आणि त्याचा खर्चही सोसला. जखम होण्याआधीच थोडा खर्च सोसणे, हीही शेजाऱ्यावरची प्रीतीच आहे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरच्या गाडीवर मागे कोण बसते? त्याच्या डोक्यावर काय असते?

२. आपली मंडळी एका वस्तीला किती हेल्मेटे देऊ शकेल?