एक शहर, दोन चित्रकार

चित्रकार परदेशात वर्षभर राहून येतो, तेव्हा नेमके काय घेऊन येतो? रेसिडेन्सीचा किंवा शिष्यवृत्तीचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते : तिकडची शैली. मला हे उत्तर अपुरे वाटते. वासुदेव गायतोंडे आणि तय्यब मेहता यांच्या उदाहरणांवरून ते तपासून पाहू.

दोघेही मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. गायतोंडे यांची पदविका १९४८ सालची, मेहता यांची १९५२ सालची. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि मेहता १९६८ मध्ये. मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन यांची भव्य, आकृतिविरहित चित्रे त्या शहरात प्रत्यक्ष पाहता येत.

‘प्रत्यक्ष’ हा शब्द येथे महत्त्वाचा. न्यूमन यांचे ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ (१९५०-५१) हे चित्र सुमारे ८ फूट उंच व १८ फूट रुंद आहे. तांबड्या रंगाचे विस्तीर्ण क्षेत्र आणि त्यात पाच बारीक उभ्या रेषा. पुस्तकात ते ९ इंच रुंदीचे छापले, तर रुंदी चोवीस पटींनी घटते आणि क्षेत्रफळ ५७६ पटींनी! उरतो तो केवळ आराखडा. अशी चित्रे जवळ उभे राहून पाहावीत, असे स्वतः न्यूमन सांगत. तय्यब मेहतांनीही पुढे म्हटले आहे की, अशा चित्रांच्या छापील प्रती त्यांनी पूर्वी पाहिल्या होत्या. पण मूळ चित्र पाहिले नसते, तर ती निव्वळ एक क्लृप्ती वाटली असती.

मग मेहतांनी न्यूमनचे अनुकरण केले काय? मुळीच नाही. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रस्त्यावर जमावाने एका माणसाला ठार मारलेले त्यांनी पाहिले होते. तो आघात आयुष्यभर त्यांच्या चित्रांत राहिला. न्यूयॉर्कनंतर रंगाचे जाड थर गेले, सपाट रंगक्षेत्रे आली. १९६९ पासून तिरकी रेषा कॅनव्हास दुभंगू लागली. पण त्या रेषेने दुभंगला तो माणूसच. आकृती त्यांनी सोडली नाही.

गायतोंडे यांची गोष्ट निराळी. न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीच त्यांच्या चित्रांतून आकृती मावळली होती. झेन विचाराचे आकर्षणही जुनेच. १९६५ मध्ये परतल्यावर त्यांनी नवा मार्ग धरला नाही. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर देणे, खरवडणे, पुन्हा देणे हे काम ते अधिकाधिक शांतपणे करीत राहिले. २०१४ मध्ये त्याच न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांच्या निधनास तेरा वर्षे झाली होती.

शहर एक, शिष्यवृत्ती एक. फलित मात्र भिन्न. माझ्या मते याचे कारण त्यांच्या सामानात नव्हे, मनात होते. मेहता माणसाच्या यातनेचा प्रश्न घेऊन गेले, तर गायतोंडे मौनाचा. परदेशाने त्यांना उत्तर दिले नाही. मूळ चित्रांसमोर उभे राहण्याची संधी आणि पोटापाण्याच्या चिंतेतून मोकळा वेळ दिला.

आपल्यापैकी काहीजण उद्या असे अर्ज भरतील. त्यांनी देश निवडण्याआधी आपला प्रश्न कोणता, हे ठरवावे. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत, जवळच्या संग्रहालयात जाऊन एका मूळ चित्रासमोर तासभर उभे राहावे. त्यासाठी पारपत्र लागत नाही.