संगणकाच्या स्मृतीतील दोषांचा शोध

घरी जोडलेला संगणक अकस्मात बंद पडू लागला, की दोष बहुधा आज्ञावलीला दिला जातो. पुष्कळदा त्याचे मूळ स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असते. रॅममधील प्रत्येक द्विमान अंक एका सूक्ष्म धारित्रातील विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेला असतो. हा भार सतत झिरपत असल्यामुळे साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. उष्णतेने झिरपणे वाढते. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसपलीकडे गेल्यास हा अवधी निम्मा करावा लागतो. रायपूरमध्ये मे महिन्यातील दुपारी हवाच ४० अंशांहून अधिक तापते. तेथे सकाळी सुरळीत चालणारा संगणक दुपारी चुकू लागला, तर प्रथम पंखे व त्यांवर साचलेली धूळ पाहावी.

संगणक बंद पडणे हा त्यातल्या त्यात सौम्य अपाय होय. खरा धोका असा, की बदललेला अंक निमूटपणे हिशेबात शिरतो आणि तसाच डिस्कवर जतन होतो. म्हणून शोध संपेपर्यंत महत्त्वाच्या फायलींवर त्या संगणकात काम करू नये.

शोधाचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅमचा वेग वाढविलेला असल्यास तो मूळ मानकावर आणावा. नंतर वीजजोड काढून एकच पट्टी घट्ट बसवावी आणि मेमटेस्ट८६ ही चाचणी रात्री व भर दुपारीही चालवावी. मग दुसऱ्या पट्टीची त्याच स्लॉटमध्ये परीक्षा घ्यावी. दोष पट्टीबरोबर फिरला, तर पट्टी सदोष. जागीच राहिला, तर स्लॉट, मदरबोर्ड अथवा प्रोसेसर संशयास्पद ठरतो. चाचणीत आढळलेली एकही चूक क्षुल्लक मानू नये.