महोत्सवाचे पोस्टर आणि पाचशे प्रतींचा धडा

मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगविली, हे आपल्या कारागीर बांधवांना ठाऊकच आहे. आता ब्रशची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. पण गिऱ्हाईक तेच आहे आणि चुकाही त्याच आहेत. एका चित्रपट महोत्सवाचे पोस्टर करताना आम्हाला जो धडा मिळाला, तो येथे सांगत आहोत.

शहरातील एका चित्रपट मंडळाचा तीन दिवसांचा महोत्सव होता. पाचशे पोस्टरे हवी होती. २३ × ३६ इंची कागद अर्धा केला की १८ × २३ चा तुकडा मिळतो. कडा कापून पोस्टर १७ × २२ इंचांचे ठरले. मंडळाने पोस्टरवर टाकायचा जो मजकूर दिला, त्यात चौदा चित्रपटांची नावे, पाहुण्यांची यादी आणि नऊ देणगीदारांची चिन्हे होती. आम्ही त्यांना समजावले, "पोस्टर म्हणजे कार्यक्रमपत्रिका नव्हे. रस्त्यावरच्या माणसाला काय, कधी आणि कुठे, एवढेच कळले पाहिजे." दहा फुटांवरून सहज वाचायला अक्षर एक इंचाचे हवे, हा बोर्ड रंगविणाऱ्यांचा जुना अंदाज. त्या हिशेबाने पंचवीस फुटी रस्त्यापलीकडून दिसण्यासाठी तारीख अडीच इंचांची ठेवली. चित्रपटांची यादी वेगळ्या पत्रकात गेली. चिन्हे खाली एका पट्टीत बसविली.

पुढची अडचण चित्राची. मंडळाने मोबाईलवरून पाठविलेला फोटो १,०२० पिक्सेल रुंद होता. सतरा इंचांवर तो पसरला की इंचाला साठच ठिपके येतात. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. तो फोटो बाजूला ठेवून आम्ही प्रोजेक्टरच्या झोताचे साधे चित्र दोनच रंगांत काढले. ते मंडळाला पसंत पडले.

इथपर्यंत काम सुरळीत चालले. प्लेटा निघण्याच्या दिवशी मंडळाच्या एका सभासदाचा फोन आला, की सभागृह मिळत नसल्याने तारीख बदलली आहे. शेजारी मशीन सुरू होते. त्यांनी "सव्वीस" म्हटले, आम्ही "बावीस" ऐकले. पाचशे पोस्टरे छापून गेली.

मंडळ म्हणाले, आम्ही तारीख बरोबर सांगितली होती. आमच्याकडे दाखवायला एक ओळही लिहिलेली नव्हती. पोस्टरे पुन्हा छापून दिली; कागद, प्लेटा आणि मजुरी आमच्या अंगावर पडली. नफा गेला आणि पदरचेही गेले. मंडळावर राग काढण्यात अर्थ नव्हता. फोनवरचा बदल कागदावर न घेता मशीनवर चढविला, ही चूक आमची होती.

तेव्हापासून दुकानात चार नियम पाळतो :

१) शेवटच्या प्रूफवर गिऱ्हाईकाच्या एकाच जबाबदार माणसाची सही घेतल्याशिवाय प्लेट काढायची नाही. बदल झाला तर नवे प्रूफ, नवी सही.

२) तारखेसोबत वार छापायचाच. वार जुळला नाही की चूक तिथेच पकडली जाते.

३) किती वेळा फुकट दुरुस्ती आणि त्यापुढे किती आकार, हे आगाऊ रक्कम घेतानाच लिहायचे.

४) चित्र कोठे आणि किती काळ वापरायचे, हेही लिहायचे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

यावर कोणी म्हणेल, ओळखीच्या गिऱ्हाईकाकडे सही कशी मागायची? आमचा अनुभव असा, की सही मागितल्याने त्या मंडळाशी संबंध बिघडला नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा आमच्याकडेच आले, आणि प्रूफवर सही करण्यापूर्वी त्यांनी तारीख दोनदा वाचली.