ड्रॅग शर्यतीच्या मोटारीतील ट्रान्सब्रेक : दोष कसा शोधावा?

अमेरिकेत पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांच्या, सरळ धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात. त्यांतील पुष्कळ मोटारींच्या स्वयंचलित गिअरपेटीत ‘ट्रान्सब्रेक’ नावाची योजना असते. चालकाने बटण दाबले की सोलेनॉइड हे विद्युत्चुंबकी साधन एक झडप सरकवते आणि तेलाच्या दाबाने पहिला व उलट असे दोन्ही गिअर एकदमच गुंततात. त्यामुळे इंजिन वेगाने फिरत असूनही गाडी जागीच राहते. बटण सोडताच उलट गिअर सुटतो व गाडी झेप घेते.

ही पकड ढिली पडली तर गाडी इशाऱ्याच्या दिव्यापूर्वीच पुढे सरकते. शर्यत तर जातेच, पण समोरच्या माणसाचा जीवही धोक्यात येतो.

दोष शोधताना प्रथम इंजिन बंद ठेवून, मात्र वीजपुरवठा चालू करून, बटण दाबावे. ‘टक्’ असा आवाज न आल्यास सोलेनॉइडपर्यंत वीज पोहोचते काय आणि तारांचे जोड घट्ट आहेत काय, ते पाहावे. आवाज स्पष्ट असल्यास तेलाची पातळी, मग झडप व शेवटी उलट गिअरचा क्लच तपासावा. सैल तारेमुळे झडप अर्धवटच सरकू शकते आणि दोष क्लचचा असल्याचा भास होतो. म्हणून विजेची तपासणी पुरी झाल्यावाचून पेटी उघडू नये.